बीबीसी मायक्रो (मॉडेल बी): शिफ्ट-ब्रेकला बूट होणारी फ्लॉपी लॅपटॉपवरून कशी बनवायची?

खटपट्या

मंडळी, समोर एससीएल युनिकॉर्न आहे, म्हणजे आपल्याकडे परवान्याखाली जुळवलेला बीबीसी मायक्रो मॉडेल बी, १९८०च्या दशकातला ब्रिटिश घरगुती संगणक. चालू स्थितीत आहे. सुरू केल्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', त्याखाली 'एकॉर्न डीएफएस' आणि 'बेसिक' या ओळी येतात. *हेल्प दिल्यावर डीएफएस (रॉममधली, फ्लॉपीचं काम पाहणारी प्रणाली) १.२० दिसतं. डिस्क कंट्रोलर इंटेल ८२७१. मूळचा ड्राइव्ह नाही, ड्राइव्हबरोबर येणारी युटिलिटी फ्लॉपीही नाही.

हाताशी असलेलं सामान: पीसीतून काढलेला साडेतीन इंची १.४४ एमबीचा ड्राइव्ह, पिळाची आणि बिनपिळाची अशा दोन रिबन केबली, एचडी (१.४४ एमबीच्या) फ्लॉप्यांचा डबा, यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह, विंडोज लॅपटॉप आणि काही .एसएसडी इमेज फाइली (बीबीसीच्या फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत).

आतापर्यंतचे निकाल असे. पिळाची केबल लावून *कॅट (फ्लॉपीवरच्या फाइलींची यादी) दिलं तर मोटर फिरते, ड्राइव्हचा दिवा लागत नाही आणि यंत्र एस्केप दाबेपर्यंत अडकून राहतं. सरळ केबललाही तेच. एकदा कनेक्टर उलटा बसला तेव्हा दिवा कायमचा पेटून राहिला. यूएसबी ड्राइव्हवरून इमेज लिहायचा प्रयत्न केला तर प्रोग्रॅम 'लिहिली' म्हणतो, पण त्यावर विश्वास नाही.

तर (१) केबलचं काय चुकतंय, (२) लॅपटॉपवरून लिहायचं कशाने, आणि (३) फ्लॉपी घालून शिफ्ट-ब्रेक दाबलं की मेनू आपोआप यावा यासाठी फ्लॉपीत नेमकं काय लागतं?

---

रिबनराव

फक्त केबलचं उत्तर देतो.

दोन्ही केबलींत लक्षण एकच दिसतं, कारणं मात्र वेगळी आहेत. पीसीचा ड्राइव्ह कारखान्यातून 'ड्राइव्ह १' म्हणून येतो, म्हणजे १२ नंबरच्या पिनवर हाक आली तरच तो ओ देतो. बीबीसीच्या ३४ पिनी कनेक्टरवर १० नंबरला ड्राइव्ह ०ची निवड आहे, १२ला ड्राइव्ह १ची, १६ला मोटर. १४ नंबर तिथे वापरातच नाही.

सरळ केबलीत मोटरची वायर बरोबर पोचते म्हणून तबकडी फिरते, पण तुम्ही *कॅट दिलंत ते ड्राइव्ह ०ला, आणि ड्राइव्ह बसलाय १ होऊन. त्याच सरळ केबलीवर *कॅट १ देऊन बघा, दिवा लागेल. पिळाच्या पीसी केबलीत १० ते १६ असा सात वायरींचा पट्टा उलटा केलेला असतो. त्यामुळे ड्राइव्हच्या १२व्या पिनला बीबीसीची रिकामी १४वी मिळते आणि मोटरच्या पिनवर ड्राइव्ह ०ची निवड जाऊन बसते. तबकडी फिरणार, ड्राइव्ह कधीच निवडला जाणार नाही. ती केबल बीबीसीपासून लांबच ठेवा.

पण ड्राइव्ह १वरून भागणार नाही, कारण शिफ्ट-ब्रेक बूट करतं ते फक्त ड्राइव्ह ०वरून. ड्राइव्हच्या पाठीवर किंवा पोटाखाली डीएस० / डीएस१ असा जंपर किंवा सरकपट्टी असेल तर ती ०वर घ्या, काम झालं. अलीकडच्या बहुतेक ड्राइव्हवर ती नसते. मग तीन वायरींचा पीळ घालायचा:

लाल कडेची वायर १ धरून मोजा. ९ आणि १०च्या मधे एक चीर, १२ आणि १३च्या मधे दुसरी, दोन्ही ड्राइव्हकडच्या टोकापासून पाच-सहा सेंमी लांबीच्या. सुटी झालेली १०-११-१२ची पट्टी अर्धा वेढा फिरवा. दहावी बाराव्याच्या जागी जाते, बारावी दहाव्याच्या, अकरावी मधेच राहते आणि ती जमीनच (ग्राउंड) आहे. तशीच सपाट धरून टोकाला नवा कनेक्टर व्हाइसमध्ये दाबा. जुना कनेक्टर उचकटून परत दाबायच्या भानगडीत पडू नका, त्याचे दात वाकतात आणि एखादी वायर अर्धवट लागते. मग मल्टिमीटरने बीबीसीकडची १० ड्राइव्हकडच्या १२ला वाजते का, १२ ही १०ला वाजते का, आणि ९, ११, १३, १६ जिथल्या तिथे आहेत का, एवढं पाहा.

दिवा कायम पेटलेला म्हणजे कनेक्टर उलटा, हे तुम्हाला कळलंच आहे. त्याने ड्राइव्ह जळत नाही. पण त्या वेळी आत फ्लॉपी असेल तर तिच्यावरचा मजकूर गेला असं समजा, कारण लिहिण्याची वायरही त्या भानगडीत जमिनीला लागते.

वीज: साडेतीन इंचीला फक्त ५ व्होल्ट लागतात. यंत्राच्या पोटाखालच्या सॉकेटमधून घेणार असाल तर तिथे १२ व्होल्टही आहेत आणि उणे ५ही. प्लग जोडण्याआधी मीटर लावून लाल वायरवर ५च येतायत ना ते बघा. इथे अदलाबदल झाली तर ड्राइव्ह परत उठत नाही.

---

फ्लक्सवाला

यूएसबी ड्राइव्ह या कामातून बाद. तुम्ही किंवा तुमचा प्रोग्रॅम चुकलेला नाही. त्या ड्राइव्हच्या आतला कंट्रोलर ५१२ बाइटांचे सेक्टर आणि एमएफएम ही बिट लिहिण्याची पद्धत एवढंच जाणतो, ७२० केबी किंवा १.४४ एमबी. डीएफएसला हवी असते एफएम पद्धत, जुनी 'सिंगल डेन्सिटी': दर ट्रॅकवर २५६ बाइटांचे १० सेक्टर, ८० ट्रॅक, एका बाजूला २,०४,८०० बाइट. ८२७१ला एफएमशिवाय दुसरं काही येतच नाही. लॅपटॉपचं कुठलंही सॉफ्टवेअर बदलून यूएसबी ड्राइव्हकडून एफएम लिहून घेता येत नाही.

सरळ उपाय म्हणजे ग्रीझवीझल. हा छोटा बोर्ड कंट्रोलरचं काम स्वतः करत नाही, चुंबकीय पलट्यांच्या वेळा जशाच्या तशा लिहितो आणि वाचतो. म्हणून त्याला एफएम काय नि एमएफएम काय, सारखंच. तुमचा तोच पीसी ड्राइव्ह त्याला जोडा. इथे मात्र पिळाची पीसी केबल चालते, टोकाचा कनेक्टर म्हणजे ड्राइव्ह ए. सरळ केबल वापरली तर कमांडीत ड्राइव्ह बी सांगायचा. रिबनरावांची तीन वायरींची केबल फक्त बीबीसीसाठी राखा आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून तसं लिहून ठेवा. दोन केबली ड्रॉवरमध्ये एकत्र पडल्या की रविवार गेला.

लिहिण्याची कमांड (रोमन लिपीत टाइप करायची हे सांगायला नको):

जीडब्ल्यू राइट --फॉरमॅट=एकॉर्न.डीएफएस.एसएस८० मेनू.एसएसडी

लिहून झालेला प्रत्येक ट्रॅक तो परत वाचून पडताळतो. पडताळणीत तोच तो ट्रॅक नापास होत असेल तर फ्लॉपी फेका, तीन-तीनदा प्रयत्न करून पास झालेली फ्लॉपी महिन्याने दगा देते. आधी पीसीत वापरलेली फ्लॉपी असेल तर लिहिण्याआधी एकदा जीडब्ल्यू इरेज चालवा.

इमेजच्या आकाराकडे लक्ष द्या. ८० ट्रॅकची एका बाजूची २,०४,८०० बाइट, ४० ट्रॅकची १,०२,४००, दोन्ही बाजूंची .डीएसडी ४,०९,६००. पुष्कळ .एसएसडी फाइली यापेक्षा लहान असतात. ती फाइल खराब नसते, शेवटचे रिकामे सेक्टर कापून ठेवलेले असतात. हेक्स एडिटरने शेवटी शून्यं भरून पूर्ण आकाराची केली की पुढे कटकट राहत नाही.

फ्लॉपीबद्दल: डीडी (७२० केबीची) मिळाली तर उत्तम. एचडी वापरायचीच तर लेखन-कुलपाच्या समोरच्या कोपऱ्यातलं भोक अपारदर्शक चिकटपट्टीने दोन्ही बाजूंनी बंद करा, म्हणजे ड्राइव्ह तिला डीडी समजून वागतो. सेलोटेप नको, काही ड्राइव्हमध्ये तिथे प्रकाशाचा सेन्सर असतो आणि त्याला सेलोटेप दिसतच नाही. आणि भोक झाकायचं ते लिहिण्याआधी. उघडं ठेवून लिहिलेली आणि झाकून वाचलेली फ्लॉपी भरवशाची नाही. साडेतीन इंचीत एचडी आणि डीडीच्या थरातला फरक लहान आहे म्हणून हे चालून जातं. सव्वापाच इंचीत थराची ताकद थेट दुप्पट आहे, ३०० विरुद्ध ६०० ओर्स्टेड, तिथे १.२ एमबीची फ्लॉपी बीबीसीच्या ड्राइव्हमध्ये घालू नका.

जाता जाता: पीसीचा १.२ एमबीवाला सव्वापाच इंची ड्राइव्ह बीबीसीला लावायचा मोह होईल. तो मिनिटाला ३६० फेरे फिरतो. डीएफएसचा वेग सेकंदाला १,२५,००० बिट, म्हणजे ३०० फेऱ्यांना एका ट्रॅकवर ३,१२५ बाइट बसतात आणि ३६०ला जेमतेम २,६०४. नुसता मजकूरच २,५६० बाइटांचा आहे, सेक्टरांची शीर्षकं आणि मधली मोकळी जागा मावणार कुठे? ज्या ड्राइव्हवर ३०० फेऱ्यांचा जंपर आहे तेवढेच कामाचे.

---

शिफ्टब्रेक

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. कमांडा देवनागरीत लिहितोय, यंत्रावर त्यांची इंग्रजी रूपं आणि कॅप्स लॉकचा दिवा लागलेला असू द्या. लहान लिपीतलं 'चेन' (प्रोग्रॅम लोड करून चालवायची कमांड) बेसिकला कळत नाही, तो 'मिस्टेक' म्हणून मोकळा होतो.

पीसीसारखा बूट सेक्टर हा प्रकार इथे नाहीच. दोन गोष्टी जमल्या पाहिजेत: फ्लॉपीवर $ डिरेक्टरीत !बूट नावाची फाइल, आणि कॅटलॉगमध्ये नोंदलेला बूट-पर्याय. शिफ्ट धरून ब्रेक दाबा, आधी ब्रेक सोडा, मग शिफ्ट. डीएफएस ड्राइव्ह ०चा कॅटलॉग वाचतं, पर्याय पाहतं आणि त्याप्रमाणे वागतं. पर्याय ० म्हणजे काही करू नको, १ म्हणजे !बूट नुसती लोड कर, २ म्हणजे मशीन कोड म्हणून चालव, ३ म्हणजे त्यातल्या ओळी कीबोर्डवरून टाइप होत असल्यासारख्या घे. आपल्याला हवा ३. नवीन फ्लॉपीवर तो ० असतो. 'फाइल आहे पण बूट होत नाही' या तक्रारींमागे बहुतेक वेळा हा एवढाच ० असतो. उलट, मजकुराच्या !बूटला चुकून २ दिला तर यंत्र त्या अक्षरांनाच मशीन कोड समजून चालवायला जातं आणि गोठतं.

युटिलिटी फ्लॉपी नसल्याची अडचण मात्र खरी आहे. डीएफएस १.२०च्या रॉममध्ये फॉरमॅट करण्याची कमांडच नाही, *फॉर्म८० त्या फ्लॉपीवरून चालायची. (८२७१ऐवजी १७७० ही कंट्रोलर चिप वापरणाऱ्या डीएफएसमध्ये ती रॉममध्ये आली.) म्हणून फॉरमॅट लॅपटॉपवरच उरकून टाका. २,०४,८०० बाइटांची, सगळी शून्यं असलेली फाइल बनवा. हेक्स एडिटरमध्ये पत्ता २६२ (हेक्स १०६) वर जा, तिथे हेक्स ३३ लिहा, पुढच्या २६३ वर हेक्स २०. फाइल सेव्ह करा, .एसएसडी नाव द्या, ग्रीझवीझलने लिहा. झाली ८० ट्रॅकची कोरी, बूट-पर्याय ३ असलेली फ्लॉपी.

हे आकडे आले कुठून? डीएफएसचा सगळा कॅटलॉग ट्रॅक ०च्या पहिल्या दोन सेक्टरांत असतो. दुसऱ्या सेक्टरचा बाइट ५ म्हणजे फाइलींची संख्या गुणिले ८, आपल्याकडे शून्य. बाइट ६ आणि ७ मिळून एकूण सेक्टर: ८० ट्रॅकला ८००, म्हणजे हेक्स ३२०. त्यातला ३ बाइट ६च्या तळाला, २० बाइट ७मध्ये. बाइट ६च्या वरच्या अर्ध्यात बूट-पर्याय राहतो. म्हणून ०३ म्हणजे पर्याय नाही, ३३ म्हणजे पर्याय ३. ४० ट्रॅकच्या इमेजमध्ये तिथे ०१ दिसेल, त्याचं ३१ करायचं. एखादी तयार इमेज बूट होत नसेल तर बीबीसी सुरू करण्याआधी हा एक बाइट पाहून घ्या.

आता बीबीसीवर. फ्लॉपी घाला, *कॅट द्या. 'ड्राइव्ह ०' आणि 'ऑप्शन ३ (एक्झेक)' दिसलं पाहिजे. मग:

*टायटल मेनूडिस्क
*बिल्ड !बूट

यंत्र ०००१, ०००२ असे ओळींचे आकडे दाखवू लागेल, ते फाइलीत जात नाहीत. ओळी अशा:

*बेसिक
मोड ७
पेज=&१९००
चेन "मेनू"

शेवटच्या ओळीनंतर रिटर्न एकदाच, आणि लगेच एस्केप. इथे बरेच जण एक रिकामी ओळ जास्त देतात. !बूटमधून येणारं अक्षर आणि तुम्ही दाबलेली कळ यांत बेसिकला फरक कळत नाही, त्यामुळे तो जादा रिटर्न मेनूच्या पहिल्या 'गेट'ला (कळ दाबायची वाट पाहणारी बेसिकची कमांड) जाऊन मिळतो आणि मेनू स्वतःच पहिला पर्याय निवडून चालू पडतो. उपाय दोन: ओळ काढा, नाहीतर मेनू प्रोग्रॅमची पहिलीच ओळ '१० *एक्झेक' ठेवा. नाव न देता *एक्झेक म्हटलं की उघडी फाइल बंद होते.

*बेसिक कशाला? यंत्रात वर्ड प्रोसेसरचा वगैरे रॉम वरच्या सॉकेटात असेल तर ब्रेकनंतर ताबा त्याच्याकडे जातो आणि चेन त्याला कळत नाही.

!बूट लॅपटॉपवर लिहून इमेजमध्ये घालणार असाल तर ओळीच्या शेवटी फक्त कोड १३ ठेवा. लिनक्सवाली फाइल, जिच्यात नुसता १० असतो, तिथे बीबीसीच्या दृष्टीने ओळ संपतच नाही. अक्षरं जिन्यासारखी खाली उतरत जातात आणि एकही कमांड चालत नाही.

पर्याय नंतर बदलायचा तर *ऑप्ट ४,३. त्यासाठी फ्लॉपीचं लेखन-कुलूप काढलेलं हवं. शेवटी *अॅक्सेस !बूट एल देऊन फाइलीला कुलूप लावा, म्हणजे चुकून तिच्यावर काही सेव्ह होणार नाही. नावं सात अक्षरांपर्यंत, फाइली एका बाजूला ३१पर्यंत. बत्तिसावीला 'कॅट फुल' येतं, जागा कितीही उरलेली असो.

---

सव्वापाच_इंची

एवढ्या खटाटोपापेक्षा गोटेक (पेन ड्राइव्हवरच्या इमेज फ्लॉपी म्हणून दाखवणारा ड्राइव्ह) लावा ना. फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर, जंपर एस०वर, एफएफ.सीएफजी फाइलीत इंटरफेस शुगार्ट आणि होस्ट एकॉर्न. पेन ड्राइव्हवर .एसएसडी टाका, संपलं.

---

शिफ्टब्रेक

प्रश्न फ्लॉपीचा आहे. तरी गोटेक कामाचा आहे तो वेगळ्याच कारणाने: तो ड्राइव्ह ० करा आणि तुमचा पीसी ड्राइव्ह सरळ केबलीवर, आहे तसा ड्राइव्ह १. मग *एनेबल आणि *बॅकअप ० १. इमेजवरून खरी फ्लॉपी बीबीसीच स्वतः बनवतो, ग्रीझवीझलशिवाय. दोन अटी. समोरची फ्लॉपी आधी फॉरमॅट झालेली हवी, त्यासाठी फॉरमॅटरची इमेज गोटेकवर ठेवा. आणि बॅकअप मेमरीतला प्रोग्रॅम खाऊन टाकतो, आधी सेव्ह करा.

*बॅकअप अख्खे सेक्टर उचलतो म्हणून बूट-पर्यायही बरोबर येतो. *कॉपी ० १ *.* ने फक्त फाइली जातात, पर्याय राहतो मागे. कॉपीनंतर *ड्राइव्ह १ आणि *ऑप्ट ४,३ विसरू नका.

---

खटपट्या

सरळ केबलीवर *कॅट १ चाललं! तीन वायरींचा पीळ घातला, आता तो ड्राइव्ह ० आहे. कोरी फ्लॉपी, !बूट, मेनू, सगळं शिफ्ट-ब्रेकला उठतं.

दोन अडचणी उरल्या. एका ४० ट्रॅकच्या इमेजसाठी ग्रीझवीझलला एकाआड एक ट्रॅक (स्टेप=२) सांगितला. *कॅट व्यवस्थित दिसतो, !बूटच्या ओळीही पडद्यावर येतात, आणि मग 'डिस्क फॉल्ट १८ अॅट ०१/००'. दुसरी: टेपवरचा एक बेसिक गेम फ्लॉपीवर सेव्ह केला. चेन केल्यावर सुरू होतो आणि लगेच 'बॅड मोड'.

---

फ्लक्सवाला

फॉल्ट १८ म्हणजे सेक्टर सापडला नाही. कॅटलॉग ट्रॅक ०वर असतो, आणि छोटी !बूट बहुधा त्याच ट्रॅकवर असते. ट्रॅक ० कुठल्याही ड्राइव्हमध्ये एकाच जागी. म्हणून *कॅट दिसला याचा अर्थ फ्लॉपी बरोबर आहे असा होत नाही. तुमचा ड्राइव्ह ८० ट्रॅकचा, एकाआड एक लिहिल्यामुळे ट्रॅक १चा मजकूर जाऊन बसला डोक्याच्या दुसऱ्या पायरीवर. डीएफएस एक पायरी सरकतं, तिथे काहीच नाही, आणि ०१/००ला तक्रार करतं.

एकाआड एक लिहायचं ते फ्लॉपी ४० ट्रॅकच्या सव्वापाच इंची ड्राइव्हमध्ये जाणार असेल तरच. (तेही कधी न वापरलेल्या फ्लॉपीवर. ८० ट्रॅकचं हेड अरुंद असतं, जुन्या रुंद ट्रॅकच्या कडा पुसल्या जात नाहीत आणि ४०चं हेड दोन्ही एकदम वाचतं.) साडेतीन इंचीवर ४० ट्रॅकची इमेज सलग पहिल्या ४० ट्रॅकवर लिहा, एकाॅर्न.डीएफएस.एसएस फॉरमॅट, स्टेप नको. डीएफएस सेक्टर ओळीने मोजतं, त्याला बाकीचे ४० रिकामे राहिल्याचं काही वाटत नाही. फक्त फ्लॉपी १०० केबीची दिसेल.

इतर आकडे: ०ई म्हणजे मजकुराची पडताळणी चुकली, ०सी म्हणजे सेक्टरच्या शीर्षकाची. हे बहुधा घाणेरडं हेड किंवा थकलेली फ्लॉपी. ०८ म्हणजे क्लॉकची चूक, तिथेही आधी तेच तपासा. १२ लेखन-कुलूप. १४ म्हणजे ट्रॅक ० सापडला नाही, इथे फ्लॉपीआधी केबलची २६ नंबरची वायर तपासा.

---

शिफ्टब्रेक

'बॅड मोड'चं: टेपवर बेसिक प्रोग्रॅम &ई०० पासून बसतो. डीएफएस स्वतःसाठी जागा घेतं, म्हणून पेज (प्रोग्रॅम जिथून बसतो तो पत्ता) &१९००ला सरकतं, २,८१६ बाइट गेले. मोड ०, १, २चा पडदा &३००० पासून सुरू होतो. तिथपर्यंत आता ५,८८८ बाइट उरतात, टेपवर ८,७०४ होते. गेम त्या फरकात अडकलाय.

लोड झाल्यावर त्याला खाली सरकवायचा आणि डिस्कला रजा द्यायची. पण हे थेट !बूटमध्ये लिहू नका. !बूट वाचण्यासाठी डीएफएस नेमकी तीच &ई०० ते &१९०० जागा वापरतं, स्वतःच्या बुडाखालची फांदी तोडल्यासारखं होतं. काम फंक्शन कीवर टाका, तिचा मजकूर &बी०० पानावर वेगळा सुरक्षित असतो:

*बेसिक
पेज=&१९००
लोड "गेम"
*की० *टेप|एम फॉर आय%=० टू टॉप-पेज स्टेप ४:आय%!&ई००=आय%!पेज:नेक्स्ट|एम पेज=&ई००|एम एंड|एम रन|एम
*एफएक्स १३८,०,१२८

चौथी ओळ मोडली तर चालणार नाही, एका दमात टाइप करा. |एम म्हणजे रिटर्न, उभी रेघ आणि एम अशी दोन अक्षरं. शेवटची ओळ कीबोर्डच्या रांगेत एफ० दाबल्याची नोंद टाकते. !बूट संपून फाइल बंद झाल्यावरच ती नोंद वाचली जाते, म्हणून क्रम बिघडत नाही. मधला 'एंड' गाळू नका, बेसिक प्रोग्रॅमचं टोक नव्याने शोधतं ते त्यामुळे. गेम पुढे स्वतः फ्लॉपीवरून आणखी काही वाचणार असेल तर हा मार्ग बंद, कारण *टेपनंतर डिस्क नाही.

---

कोकणी_कपॅसिटर

तीन गोष्टी राहिल्या.

आपल्या दमट हवेत, खास करून किनारपट्टीवर, जुन्या फ्लॉप्यांना बुरशी धरते. फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी झडप सरकवा, मधली चकती बोटाने फिरवा आणि तिरप्या उजेडात पृष्ठभाग बघा. राखाडी ठिपके किंवा मळकट वर्तुळं दिसली तर ती ड्राइव्हमध्ये जाऊ देऊ नका. ती बुरशी हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपी खरवडते, मग तुम्ही ०ईच्या मागे दिवस घालवता. हेड पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि घट्ट वळलेला कापूसबोळा. वरचं हेड नाजूक पट्टीवर असतं, ते दोन-तीन मिलिमीटरच उचला.

लेखन-कुलूप दोन आकारांत उलटं चालतं. साडेतीन इंचीत भोक उघडं म्हणजे कुलूप लागलेलं. सव्वापाच इंचीत खाच झाकली म्हणजे कुलूप लागलेलं.

आणि युनिकॉर्नचा पॉवर सप्लाय मूळचाच असेल तर उघडून आत २३० व्होल्टच्या बाजूचे फिल्टर कपॅसिटर बघा, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे. पिवळट पारदर्शक कवचाला बारीक तडे दिसले की समजा वेळ भरली. ते फुटतात तेव्हा यंत्र जळत नाही, पण घरभर धूर आणि वास होतो. एक्स२ वर्गाचे, निदान २७५ व्होल्ट एसीचे नवे घाला. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज राहते, हात घालण्याआधी मीटरने पाहा.

---

खटपट्या

४० ट्रॅकची इमेज स्टेपशिवाय लिहिली, चालली. गेमही उठला. पहिल्यांदा 'एंड' गाळला होता, तेव्हा 'बॅड प्रोग्रॅम' आलं. सप्लाय उघडला, ०.१वाल्याला दोन आडवे तडे आहेत. नवा आणेपर्यंत यंत्र बंद.